जुन्या दाळमिलला नवी पुली बसवताना

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दाळमिल आपल्यापैकी काहींच्या घरी असेल. मिल जुनी झाली, की त्याच मापाची पुली मिळत नाही. मग बाजारातली आणायची अन् पत्र्याची पट्टी ठोकून बसवायची! असे करू नका. पुली डुगडुगते, पट्टा उडतो, बेअरिंग जाते.

आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. जुनी पुली व शाफ्टचे माप घेऊन लेथवाल्याकडे जा. नव्या पुलीचे छिद्र लहान असेल तर वाढवून घ्या, मोठे असेल तर आत बुश बसवा. चावीची खाच जुळवा. शाफ्ट मात्र घासू नका.

पुलीचा व्यासही जुनाच हवा. समजा, मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावर ४ इंची आणि मिलवर १२ इंची पुली आहे. मिलचे फेरे झाले ४८०. मोटरवर ६ इंची लावली, की तेच ७२०! दाळीची चुरी वाढते, एमरीचा रोलर फुटून जिवावर बेतू शकते.

शेवटी मिल हाताने फिरवून पाहा, पट्ट्यावर जाळी लावा, मगच तूर टाका.