फिरत्या यानातलं वजन

भरलेली बादली हातात धरून गरागरा फिरवली, तर ती डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाही. लहानपणी हा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल, आणि हात मध्येच थांबल्यामुळे भिजलाही असाल. पाणी सरळ निसटून जाऊ पाहतं, बादलीचा तळ त्याला क्षणोक्षणी आत वळवतो. आता बादलीच्या जागी अवकाशयान आणि पाण्याच्या जागी माणूस आहे असं समजा. यानाची बाहेरची भिंत त्याच्या पायांखालची जमीन होईल आणि आपल्याला वजन आहे असं त्याला वाटेल. कृत्रिम गुरुत्वाकर्षण म्हणतात ते हेच.

एवढा खटाटोप कशासाठी? तर हाडांसाठी. अंतराळस्थानकात माणूस तरंगतो, ते बघायला गमतीचं वाटतं. पण ज्यांच्यावर भार पडत नाही ती हाडं झिजू लागतात. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्यानं घटते. म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनंतर, मार्च २०२५ मध्ये परतल्या, तेव्हा त्यांना यानातून उतरवून स्ट्रेचरवरून नेलं. ही नेहमीचीच खबरदारी. पण मंगळाचा प्रवास एका दिशेनंच सहा ते नऊ महिन्यांचा, आणि तिथे उतरल्यावर स्ट्रेचर घेऊन कोण उभं असणार?

माणसांना घेऊन हा प्रयोग प्रत्यक्ष झाला तो सप्टेंबर १९६६ मध्ये. जेमिनी-११ या अमेरिकी यानात पीट कॉनरॅड आणि रिचर्ड गॉर्डन होते. त्यांचं यान अजेना नावाच्या निर्मनुष्य यानाला जोडलेलं होतं. गॉर्डन बाहेर पडले आणि यानाच्या नाकाडावर घोड्यावर बसावं तसे बसून त्यांनी ३० मीटरचा दोर दोन्ही यानांमध्ये बांधला. काम वाटलं होतं त्याहून फार दमवणारं निघालं. घाम डोळ्यांत उतरला, आणि शिरस्त्राणाच्या आत तो पुसणार कसा? जवळपास पावणेदोन तासांचा ठरलेला बाहेरचा मुक्काम अर्ध्या तासात आटोपावा लागला.

दुसऱ्या दिवशी यानं वेगळी केली आणि दोर ताणायला घेतला. तो काही सरळ होईना. मुलींच्या दोरीवरच्या उड्यांतल्या दोरीसारखी कमान करून तो फिरत राहिला. अखेर जोडी संथपणे फिरू लागली, एका फेरीला साडेनऊ मिनिटं. आत ठेवलेला कॅमेरा दोराच्या दिशेत हळूहळू मागे सरकत गेला. अंतराळवीरांना मात्र काहीच जाणवलं नाही. वजन निर्माण झालं होतं, पण पृथ्वीवरच्या वजनाच्या काही हजारांश भागाहूनही कमी.

मग वेग वाढवावा, असं कुणीही म्हणेल. इथे आडवा येतो आपला कान. आतल्या कानात तोल सांभाळणारा द्रव असतो. फिरत्या खोलीत मान वळवली की त्याचा गोंधळ होतो आणि घाटातल्या एसटीत होते तशी अवस्था होते. मिनिटाला दोन फेऱ्या बहुतेकांना सोसतात, दहा फेऱ्यांना सवयीशिवाय भलेभले आडवे होतात. आता हिशेब करा. दहा मीटर त्रिज्येच्या यानात पृथ्वीइतकं वजन हवं असेल, तर मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतात. शिवाय डोकं केंद्राजवळ आणि पाय लांब, त्यामुळे डोक्याला पायांपेक्षा सुमारे सतरा टक्के कमी ओढ! फेऱ्या दोनवर आणायच्या, तर त्रिज्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते. एवढं चाक वर नेणार कोण? त्यावर दोराची युक्ती मला अजूनही सर्वांत शहाणपणाची वाटते: एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला रिकामा झालेला अग्निबाण. गोफणच म्हणा ना, फक्त दगड सोडायचा नाही.

उंदरांचं काम सोपं, त्यांना छोटं चाक पुरतं. २०१६ मध्ये अंतराळस्थानकाच्या जपानी प्रयोगशाळेत काही उंदीर पस्तीस दिवस पृथ्वीइतक्या वजनात फिरवत ठेवले, काही तरंगत. तरंगणाऱ्यांची हाडं आणि स्नायू झिजले, फिरणाऱ्यांचे टिकले. पण मंगळावरचं वजन पृथ्वीच्या ३८ टक्के. तेवढं माणसाच्या हाडांना पुरेल का? याच्या जवळपास जाणारे प्रयोग प्राण्यांवर करता यावेत, म्हणून अंतराळस्थानकासाठी एक मोठा फिरता कक्ष जपानमध्ये बांधायला घेतला होता. २००५ मध्ये ती योजना रद्द झाली. तो कक्ष त्सुकुबाच्या अंतराळ केंद्रात उघड्यावर, बघ्यांसाठी ठेवलेला आहे.