गोठ्यामागची जावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर, गोठ्यामागं किंवा जुन्या पडवीत, पोत्याखाली एक मोटरसायकल झाकून ठेवलेली असते. कुणाच्या आजोबांची राजदूत, कुणाच्या चुलत्यांची बुलेट, कुणाची जावा, नाहीतर येझदी. टायर जमिनीला चिकटलेले, टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड. भंगारवाला दारात आला की आधी तिच्याकडं बोट दाखवतो आणि घरातलं थोरलं माणूस म्हणतं, "ती सोडून बोल." अलीकडं या गाड्या पोत्याखालून बाहेर यायला लागल्यात. डिप्लोमा केलेला नातू असो की निवृत्त झालेले गुरुजी, सुट्टीच्या दिवशी पाने घेऊन तिच्यापुढं बसलेले दिसतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी. उदाहरण मी जावाचं घेणार आहे. घरी उघडून समजून घेता येईल इतकी ती साधी आहे, आणि गाफील माणसाला फसवेल इतकी वेगळीही आहे.

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची. मुंबईचे रुस्तम इराणी या गाड्या आयात करायचे. पुढं आयातीवर बंधनं आली तेव्हा त्यांनी म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना काढला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्या तिथंच तयार होऊ लागल्या. १९७३ नंतर त्याच घराण्यातली गाडी येझदी या नावानं आली. १९७८ मध्ये येझदीची रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे कंपनीचा नवा सुटा भाग मिळणं तेव्हाच संपलं. तरीही आज या गाड्या चालू होतात, रस्त्यावर येतात. याचं श्रेय हौसेला जितकं आहे, तितकंच आपल्याकडच्या लेथवाल्यांना आहे असं मी मानतो.

कारण आपल्या भागाला इंजिन नवं नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथं लोखंडी नांगर घडू लागले, मग पंप. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला. तिथंही सुरुवात नांगरानंच झाली, आणि पुढं डिझेल इंजिनं. नंतर १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्सची स्थापना झाली आणि साताऱ्यात प्रिया स्कूटर तयार व्हायला लागली. मधल्या सगळ्या काळात विहिरीवरचं ऑइल इंजिन शेतकऱ्यानं स्वतः हँडल मारून चालू केलं, स्वतःच उघडलं, त्याच्या रिंगा बदलल्या. कराड, इस्लामपूर, विटा, कुपवाड, कुठंही जा, बोअर करून देणारा आणि झिजलेली बुशिंग नव्यानं कातून देणारा कारागीर तिथं सापडतो. मोठ्या शहरातला हौशी माणूस परदेशातून पार्सल मागवतो तेव्हा आपला माणूस सुटा भाग पिशवीत घालून लेथवर जातो. काम बहुतेक वेळा तिथंच भागतं.

आता इंजिनाकडं वळू. जुन्या जावाचं इंजिन एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, २४९ सी.सी.चं. बोअर ६५ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी. सिलिंडर एकच, पण धूर जायला दोन्ही बाजूंनी लांबलचक सायलेन्सर. गिअरची लिव्हर हीच किक. लिव्हर आत दाबून मागं वळवली की किक होते, मारून झाली की परत पुढं आणायची, की झाली गिअर. शिवाय गिअर टाकताना क्लच आपोआप सुटायची सोय. साठ वर्षांपूर्वी हे गावात नवलच असणार.

पडून असलेली गाडी किक मारून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडा पडतो. प्लग काढा, आत थोडं डिझेल नाहीतर पातळ तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग हातानं हळूहळू फिरवून बघा. तरी सरकत नसेल तर हेड काढा. घाई कुणाला आहे? ती इतकी वर्षं थांबलीच आहे.

सिलिंडर खोलला की बोअर मोजायचा, तोही वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. झीज कधीच सगळीकडं सारखी नसते. बोअर अंडाकृती झाला असेल तर पुढच्या मापाचा पिस्टन घ्यावा लागतो. ही मापं पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं वाढतात: ६५.२५, ६५.५० अशी. इथं एक क्रम कधीही उलटा करू नका. आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करायला द्या. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात किती फट ठेवायची ते लेथवाला त्या पिस्टनचं माप घेऊनच ठरवतो. नुसतं "पुढचा बोअर मारा" म्हणून सिलिंडर टाकून आलात आणि बाजारातल्या पिस्टनचं माप थोडं कमीजास्त निघालं, तर एक तर इंजिन खडखडणार, नाहीतर सीज होणार.

दुसरी गोष्ट ऑइल सीलची. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, तिथं दाबली जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळं क्रँकच्या दोन्ही बाजूंची सीलं घट्ट असावी लागतात. रबर वाळून कडक झालं की एका बाजूनं बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं आणि गाडी गल्लीभर पांढरा धूर सोडते. मग लोक कार्बोरेटर खोलतात, प्लग बदलतात, पॉइंट घासतात, आणि दुखणं तसंच राहतं. इंजिन उघडलंच आहे तर सीलं न बघताच बदला. सगळ्यात स्वस्त भाग तोच असतो.

वीज सहा व्होल्टची. क्रँकच्या टोकाला डायनामो, त्यातच पॉइंट. पॉइंटची फट साधारण ०.४ मि.मी. ठेवायची आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या सुमारे ३ मि.मी. आधी ठिणगी पडेल असं टायमिंग बसवायचं. टायमिंग फार पुढं गेलं तर किक उलटी मारते, आणि ती घोट्यावर बसली की माणूस चार दिवस लंगडतो.

रंगकामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. गंज पूर्ण काढल्याशिवाय लांबी आणि प्रायमर मारू नका, आणि चासी पावडर कोटिंगला देताना तिच्यावरच्या नंबरावर जाड थर बसणार नाही हे आधी बजावा. इंजिनवरचा नंबर बफिंगमध्ये पुसट झाला तर आर.टी.ओ.त तुम्हाला कुणीही वाली नाही.

आता वादाचा मुद्दा. गाडी होती तशी उभी करायची, की आपल्या मनासारखी बदलायची? तरुण मुलांना फोटो दिसतात: मडगार्ड कापलेलं, सीट अर्धी केलेली, हँडल खाली आणलेलं, सायलेन्सरच्या जागी नुसता आखूड पाइप. बदल करणं हीही कला आहे, हे मी नाकारत नाही. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची' या कार्यशाळेनं बुलेटवरून घडवलेल्या गाड्या देशभर गाजल्या. पण तिथं आधी आराखडा असतो, वजन कुठं पडेल याचा हिशेब असतो, वेल्डिंग करणारा सांगाडा वाचू शकतो. आपल्याकडं बऱ्याचदा ग्राइंडर आधी चालतो आणि विचार नंतर होतो. एकदा कापलेली चासी परत जुळत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: जो बदल पाना फिरवून परत काढता येतो तो खुशाल करा. सहाऐवजी बारा व्होल्टची वीज बसवा, उजेड चांगला पडेल. आरसे लावा, चांगले टायर घाला, ब्रेक लायनर नवे बसवा. जो बदल करायला करवत लागते, तो करू नका.

याला सायलेन्सर मात्र अपवाद आहे. आत एक पुंगळी असते, काजळी साफ करायला ती बाहेर काढता येते. आवाज यावा म्हणून मुलं ती काढून फेकून देतात. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. बाहेर जाणाऱ्या वायूची लाट परत फिरून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये थोपवून धरते, आणि कंपनीनं पाइपची लांबी, पुंगळीची भोकं त्या हिशेबानंच ठरवलेली असतात. पुंगळी काढली की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. पसरणीच्या घाटात, दोघं बसलेले असताना, हे लगेच कळतं.

घाटाचा विषय निघाला तर उताराचंही सांगतो. ही गोष्ट फोर-स्ट्रोकवर वाढलेल्या पिढीला कुणी सांगितलेली नसते. या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. जुन्या जावाला लिटरला ४० मिलिलिटर तेल घालायचे. म्हणजे पेट्रोल बंद तर तेल बंद. यवतेश्वरचा घाट उतरताना तुम्ही रेस पूर्ण सोडून गिअरवर गाडी आणत असाल, तर चाकं इंजिनाला गरागरा फिरवतात आणि त्याच वेळी पिस्टनला तेल जवळजवळ मिळत नाही. नवा बोअर केलेलं इंजिन अशा उतारावरच धरतं. मधूनमधून क्लच दाबा, थोडी रेस द्या, मग सोडा. आणि ब्रेक ड्रमचे आहेत, तापले की कमी लागतात, त्यामुळं वेगही वरूनच आवरता ठेवा.

आता आपल्या उसाकडं येतो. पंपावर आज जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या साखर कारखान्यांच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे, उसाची बिलं त्यावर निघतात. पण साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाची ओळख या पेट्रोलशी नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहिली आणि टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, टाकी आतून गंजते आणि सुरुवातीचा घोट कार्बोरेटरला पाण्याचाच जातो. जुनं रबर आणि कॉकमधली वॉशरं फुगतात, मऊ पडतात. उपाय अवघड नाही. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला, गाडी उभी करताना कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या, आणि जास्त दिवस ठेवायची असेल तर टाकी पूर्ण ओतून काढा.

शेवटी कायदा, कारण सगळी मेहनत तिथं अडू शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकात उत्पादकानं दिलेली माहिती आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्ही ए' ही अक्षरं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर हा दरवाजा बंद. म्हणजे ज्यानं हौसेनं मागची चासी कापली, त्यानं तो मानही कापला. १९७८च्या रोडकिंगवाल्यांना तर २०२८ पर्यंत वाट बघायचीच आहे, तोवर ती मूळ रूपात राहिली पाहिजे. आणखी एक: विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. दर रविवारी कासच्या पठारावर जायचं असेल तर नेहमीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत राहणं हाच मार्ग बरा.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एवढंच सांगतो. पाना हातात घ्यायच्या आधी ट्रंकेतलं, कपाटातलं नोंदणी पुस्तक शोधा. त्यावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांची संमती गोळा करून आधी ती आपल्या नावावर करून घ्या. भावकीत बोलणं आहे तोवर हे सोपं असतं. नंबर जुळले, नाव लागलं, की मग प्लग काढा आणि तेल सोडा.