बर्फाच्या डब्यातला हरभरा

पदवीधर मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्त, कारण ते सकाळपासून पंख्याखालची जागा धरून बसलेत.

मी प्रथिनांची माणूस. नोकरीची तीस वर्षं हरभऱ्याच्या प्रथिनांत गेली. आमची संस्था रस्त्याच्या अलीकडे, रुग्णालय पलीकडे. तो रस्ता ओलांडायला मला नऊ वर्षं लागली, आणि ओलांडला तोही चहासाठी. टपरीवर एक बालरोगतज्ज्ञ उभे होते. होळी होऊन दोनच दिवस झाले होते. सहा वर्षांची मुलगी पुरणपोळी खाऊन त्यांच्याकडे आली होती. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, श्वास लागलेला. आजीनं ‘पित्त उठलंय’ म्हणत आमसुलाचं पाणी चोळण्यात तासभर घालवला होता. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, माझ्याकडे तपासणीचं परदेशी किट आहे. त्यात हेझलनट आहे, सेलरी आहे. हरभरा नाही.”

आणि माझ्या फ्रीजरमध्ये हरभऱ्याच्या अर्काला तोटा नव्हता! त्यांच्याकडे मुलं, माझ्याकडे अर्क, मध्ये एक टपरी.

मग आम्ही मिळून प्रकल्पाचा प्रस्ताव केला. तो वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्यांकडे पाठवला, ते म्हणाले हा अन्नाचा विषय. अन्नवाल्यांकडे पाठवला, ते म्हणाले हा रोगाचा. दोन वर्षं फाइल झोपाळ्यावर बसल्यासारखी इकडून तिकडे. शेवटी आम्ही पदरच्या पैशांनी चाळीस मुलांचं सीरम जमवलं. पुढे डॉक्टर निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाला रुग्णालयाच्या फ्रीजरमध्ये जागा हवी होती. मला कळलं तेव्हा सीरमच्या नळ्या कचऱ्यात गेल्या होत्या. त्या दिवशी मी जेवले नाही. यजमान म्हणाले, घरात कुणी गेलं की काय.

अ‍ॅलर्जीच्या शास्त्राचा इतिहास मात्र अशा नळ्यांच्या देवाणघेवाणीवरच उभा आहे. ब्रेस्लाऊच्या क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला मासे चालत नसत. १९२१ साली त्याचा सहकारी प्राउस्निट्झ यानं त्याचं सीरम आपल्या कातडीत टोचून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथं गांध उठली. दोष रक्तात आहे हे कळलं. रक्तात नेमका कशात, हे कळायला पंचेचाळीस वर्षं गेली. डेन्व्हरमध्ये इशिझाका पती-पत्नींना तो पदार्थ सापडला. त्यांनी त्याला एक नाव दिलं. स्वीडनमधल्या उप्सालात योहान्सन आणि बेनिश यांना मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात अनोळखी प्रथिन दिसलं. त्यांनी दुसरं नाव दिलं. दोन्ही गटांनी नमुने एकमेकांना पाठवले. दोन्ही एकच निघाले. १९६८ साली लोझानला जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याचं आयजीई असं बारसं झालं. लोक या गोष्टीतल्या शोधाचं कौतुक करतात. मला त्यातलं पार्सल आवडतं.

आपल्याकडेही या विषयावर काम झालंय. मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली हरभरा हा आपल्या उपखंडातला मोठा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ आहे, असं दाखवून दिलं. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत वांग्यावर काम झालं, म्हणजे वांगं खाल्लं की तोंड खाजतं हा आजीचा अनुभव प्रयोगशाळेनंही मनावर घेतला. पुढे युरोपातल्या गटांबरोबर कर्नाटकात मोठी पाहणी झाली. प्रौढांपैकी सव्वीस टक्क्यांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी असावी असे जेमतेम एक टक्का. नुसता रक्ताचा रिपोर्ट वाचून घरातल्या मुलाचं दूध-अंडं बंद करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. ते मिळाले, कारण सगळ्यांनी प्रश्न एकच विचारले आणि तपासण्याही एकाच पद्धतीनं केल्या.

आणि तरी २०२० च्या खाद्यपदार्थांच्या लेबलच्या नियमांतली अ‍ॅलर्जीची यादी काढून बघा. शेंगदाणा आहे, सोयाबीन आहे. हरभरा नाही. बेसन खाणाऱ्या देशात! यादी करणाऱ्यांवर मी चिडत नाही. आकडे एकेकाच्या कपाटात असतील तर त्यांनी ते कुठून आणायचे?

तर तुम्हाला एकच सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: नमुना कुलपात ठेवू नका. पेपर छापून येईपर्यंत तर मुळीच नको. नमुना कुलपात ठेवू नका.

हे मी कुठल्या तोंडानं सांगते? मराठवाड्यातल्या एका तरुण प्राध्यापकानं माझ्याकडे थोडासा अर्क मागितला होता. मी कळवलं, आमचा लेख येऊ दे, मग बघू. लेख यायला तीन वर्षं लागली. तोवर त्यानं विषय बदलला होता. आता तो पाण्याच्या प्रदूषणावर काम करतो, चांगलं करतो. पण हरभऱ्यावर काम करणारा एक माणूस माझ्यामुळे कमी झाला. डॉक्टरांच्या नळ्या फेकणाऱ्याला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली. माझ्या त्या पत्राबद्दल मात्र आज पहिल्यांदाच बोलतेय.

कुलगुरूंच्या परवानगीनं बाहेर हार-तुऱ्यांच्या टेबलाखाली थर्मोकोलचा एक डबा ठेवलाय. त्यात हरभऱ्याच्या अर्काच्या बावीस कुप्या आहेत, प्रत्येकीवर तारीख आणि प्रथिनाचं प्रमाण लिहिलंय. अर्ज नको, करार नको, लेखावर माझं नाव नको. बर्फ संध्याकाळी पाचपर्यंत टिकेल.