शाळेच्या बसला वाय-फाय हवे का?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या बॅचतर्फे शाळेच्या बसगाड्यांना वाय-फाय बसवून द्यावे, अशी सूचना ग्रुपवर आली. लगेच 'लहरींनी मुलांना कॅन्सर होईल' असेही मेसेज आले. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मलाच बोलायला उभे केले आहे.

आधी लहरींबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले, हे खरे. पण कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्या गटाचा अर्थ 'शक्यता आहे, पण पुरावा ठाम नाही' एवढाच. या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते. साध्या राउटरची ताकद साधारण 0.1 वॅट, आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता पावपट होते. त्यापेक्षा कानाला लावलेला मोबाईल डोक्याच्या कितीतरी जवळ असतो. रेंज कमी असली की तो जास्त जोरही लावतो. म्हणून लहरींच्या भीतीने नाही म्हणू नका.

तरीही माझे मत नाहीच आहे.

वाय-फाय आले की दप्तरात मोबाईल येणार. मूल काय बघते, हे ड्रायव्हरकाका बघणार की रस्ता? आणि पहिले वर्ष संपल्यावर रिचार्ज कोण करणार?

आठवा आपली एसटी. निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर करत बारामतीला यायची. पुढे उसाचा ट्रॅक्टर आला की उशीर ठरलेला. त्याच वेळात आपण पाढे म्हटले, डबे वाटले, भांडलो. दुसऱ्या तुकडीतल्या मैत्रिणी मला बसमध्येच मिळाल्या; आज त्या समोर बसल्या आहेत. माझा मुलगा दोन वर्षे एकाच बसने शाळेत जातो. शेजारी कोण बसतो, असे परवा विचारले, तर त्याला नाव सांगता आले नाही. दोघेही मोबाईलमध्ये असतात. लहरींपेक्षा मला त्याची भीती वाटली.

म्हणून विनंती, हाच पैसा शाळेच्या संगणक कक्षाला द्यावा. वायरचे इंटरनेट, चांगले संगणक आणि शेजारी शिक्षक. जोडणीचे काम मी स्वतः येऊन करीन.

बसमध्ये मुलांना गप्पा मारू द्या.