आधी विचारा, मग हात द्या

(गावच्या सोसायटीच्या दुकानात काम करणाऱ्या मंडळींपुढे केलेले भाषण)



तुम्ही दुकानात काम करता. तराजू तुमच्या हाती असतो. नाना तऱ्हेची माणसे तुमच्याकडे येतात. कुणाला दिसत नाही. कुणाला ऐकू येत नाही. कुणी कुबडी घेऊन येतो. अशा गिऱ्हाइकाशी कसे वागावे, ते आज आपण पाहू.

पुष्कळ ठिकाणी काय होते? अंध माणूस नातवाचा हात धरून येतो. दुकानदार नातवाला विचारतो, "यांना काय पाहिजे रे?" अहो, पैसे आजोबांचे, पिशवी आजोबांची. मग नातवाला का विचारायचे? आजोबांना दिसत नाही, पण ऐकू येते. अक्कलही आहे. त्यांनाच विचारा, "या आजोबा, काय देऊ?"

दुकानदार वाईट असतो असे नाही. तो बावरतो. काय करावे हे माहीत नसले की माणूस बावरतोच. म्हणून थोड्या गोष्टी शिकून घेऊ.

सर्वांत मोठी गोष्ट ही, की आधी विचारा, मग हात द्या. "मदत करू का? कशी करू?" एवढे विचारले की पुरे. ते नको म्हणाले, तर राग मानू नका.

अंध माणसाला ओढू नका, ढकलू नका. तुमचा कोपराजवळचा हात त्यांना धरू द्या. पायरी आली की सांगा. माल मोजताना वजन आणि भाव मोठ्याने सांगा. सुटे पैसे एकेक नोट सांगून हातात द्या. १०० च्या नोटेवर त्रिकोणाची खूण असते, ५०० च्या नोटेवर गोल खूण असते. ती बोटांना उंच लागते. ते नोट चाचपतात, तेव्हा घाई करू नका. नोट झिजली की खूण लागत नाही. म्हणून त्यांना चांगल्या नोटा द्या.

ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यावर ओरडू नका. तोंड त्याच्याकडे करून सावकाश बोला. तोंडावर हात धरू नका. वस्तू दाखवा. किंमत आकड्यात लिहून दाखवा.

कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. थांबा. समजले नाही तर पुन्हा विचारा. समजल्याचे सोंग करू नका.

चाकाच्या खुर्चीला न विचारता हात लावू नका. दुकानाला पायरी असेल, तर उतार करा. पायरी १ फूट उंच असेल, तर उतार १२ फूट लांब हवा. त्याहून आखूड केला, तर खुर्ची चढवणे कठीण आणि घसरण्याची भीती.

कुणाची बोटे कुष्ठरोगाने आखूड झालेली असतात. औषध घेऊन बरा झालेला माणूस रोग पसरवत नाही. त्याचे पैसे दुरून टाकायला लावू नका. हातात घ्या, हातात द्या.

आपल्याकडे म्हण आहे, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. या म्हणीने लोक आंधळ्याला हसतात. पण बघा, दळणारा कष्ट करतो. दोष पीठ खाणाऱ्याचा आहे. दुकानात मान मिळाला नाही, की माणूस स्वतः यायचा थांबतो. दुसऱ्याच्या हाती पैसे देऊन माल मागवतो. मग भाव काय लागला, सुटे किती आले, हे त्याला कसे कळणार? त्याचा व्यवहार त्याच्या हातून जातो. तो त्याच्या हाती राहावा, म्हणून हे सारे शिकायचे.

ही मेहेरबानी नव्हे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात २१ प्रकार सांगितले आहेत. त्यांना इतरांच्या बरोबरीने, मानाने वागवावे, असे तो सांगतो. अंध खातेदाराला चेकबुक किंवा एटीएम नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना बजावले आहे. तेव्हा दया म्हणून मूठभर जास्त घालू नका आणि मापात कमीही देऊ नका. भाव सर्वांना एकच, उधारीचा नियमही एकच. "आंधळ्या", "लंगड्या" अशी हाक मारू नका. माणसाला नाव असते.

आता सराव कसा करायचा? डोळ्यांवर फडके बांधून अंधपण कळत नाही. फडके सोडले की तुम्ही मोकळे. त्यापेक्षा गावातल्या दिव्यांग मंडळींनाच बोलवा. दुकान बंद झाल्यावर तासभर बसा. "आमचे कुठे चुकते? काय सोयीचे पडेल?" असे त्यांना विचारा. त्यांच्यासमोर माल मोजून पाहा, पैसे देऊन पाहा. यात त्यांच्याइतका चांगला गुरुजी दुसरा नाही.

उद्या दुकान उघडाल, तेव्हा पहिला प्रश्न गिऱ्हाइकालाच विचारा. बरोबर आलेल्याला नव्हे. एवढ्यापासून सुरुवात करा.