तळ्याकाठची वही

पांखरें पाहणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी पुष्कळ व्यवहारी माणसांची समजूत असते. हिवाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं पहांटे पांचसात मंडळी गांवाबाहेरच्या तळ्याकडे निघालीं, त्यांच्या गळ्यांत दुर्बिणी आणि हातांत वह्या दिसल्या, म्हणजे वाटेवरचा दूधवाला थबकून पाहतो आणि घरचीं वडील माणसें "यांतून मिळतें काय?" असा रोकडा प्रश्न टाकतात. हा प्रश्न हंसून टाळण्याजोगा नाहीं. ज्या कामावर वेळ खर्ची पडतो त्याचें फळ काय, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक गृहस्थास आहे; आणि पक्षिनिरीक्षणाच्या सहली काढणाऱ्या मंडळांनींही तो प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे. जालना जिल्ह्याच्या आधारानें त्याचें उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

औरंगाबाद व परभणी या तेव्हांच्या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला. काळ्या मातीचा, ज्वारी, कापूस आणि मोसंबी यांचा हा मुलूख. येथें घनदाट अरण्य नाहीं आणि पाऊस तर नेहमींच बेभरवशाचा. असल्या कोरड्या प्रदेशांत पांखरें तीं कोणतीं असणार, असें कोणासही वाटेल. परंतु जेथें पाणी थोडें, तेथें असेल त्या पाण्यावर पांखरांची दाटी होते. जालना शहराजवळ जमशेदखानानें बांधलेला जुना मोती तलाव आहे. निजामाच्या अमदानींत शहराच्या पाण्याकरितां बांधलेला घाणेवाडीचा जलाशय आहे. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. आणि त्याच नदीवर शेजारीं पैठणास जायकवाडीचें धरण आहे. या धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. माणसांनीं तें शेतीसाठीं बांधलें. पांखरांना मात्र आपल्यासाठींच सरोवर निर्माण झालें असें वाटलें असावें. दहा वर्षांनीं, १९८६ सालीं, सुमारें ३४१ चौरस किलोमीटरांचा तो परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करावा लागला.

थंडी पडली म्हणजे या पाण्यांवर दूरदेशचे पाहुणे उतरूं लागतात. फावड्यासारख्या चोंचीचा थापट्या, लांब टोंकदार शेपटीचें तलवार बदक आणि केशरी रंगाचा चक्रवाक हे त्यांतले ठळक. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा पाणपक्षी तर मराठी माणसानें पाहतांक्षणींच ओळखला आणि त्याचें नांव ठेविलें वारकरी! डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिबेट, लडाख आणि मंगोलिया येथील सरोवरांकाठीं पिलें वाढवितो आणि हिमालय ओलांडून दक्षिणेकडे येतो. शेतांतला पाहुणा निराळा. शाळू हुरड्यावर आला कीं गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे मध्य आशियांतून येऊन ढगाप्रमाणें शिवारावर फिरतात, आणि माळ्यावर बसलेला राखणदार गोफण सरसावतो. टोळ आणि नाकतोडे खाणारी हीच भोरडी शेतकऱ्याची मैत्रीणही आहे. पण दाणा भरलेल्या कणसापुढें ती मैत्री टिकत नाहीं.

एवढें वैभव पाहावयास मिळतें, हेंच कोणी या सहलींचें फळ म्हणेल. तें खरेंही आहे. पण पुरें नाहीं. नुसतें पाहून परत येणारा मनुष्य आनंद घेऊन येतो. मोजून व लिहून परत येणारा मनुष्य पुरावा घेऊन येतो. या दोहोंतला भेद लक्षांत यावा म्हणून थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे.

मुंबईंत १८८३ सालीं आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या काळीं पक्षी अभ्यासावयाचा म्हणजे तो मारून त्याचें कातडें संग्रहीं ठेवावयाचें, हीच रीत होती. अमेरिकेंत तर नाताळच्या दिवशीं दोन पक्ष करून, कोण अधिक पशुपक्षी मारतो, अशी पैज लावीत. १९०० सालीं फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञानें सुचविलें कीं, यंदां मारूं नका, मोजा. त्या नाताळांत अवघ्या २७ माणसांनीं निरनिराळ्या २५ ठिकाणीं पक्षी मोजले. ती मोजणी पुढें दरवर्षीं चालू राहिली आणि तिच्यांत हजारों स्वयंसेवक सामील होत गेले. इकडे डॉ. सलीम अली यांनीं १९३१ सालीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी हातीं घेतली. जालना त्या वेळीं त्याच संस्थानांत होतें. १९८१ सालीं महाराष्ट्रांतील पक्षिमित्रांचें पहिलें संमेलन लोणावळ्यास भरलें. १९८७ पासून आपल्या उपखंडांत दर जानेवारींत पाणपक्ष्यांची गणना होऊं लागली. २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा आणि शेवटचा सलीम अली यांच्या जन्माचा.

गणनेसाठीं जानेवारीच कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण साधें आहे. नोव्हेंबरांत पाहुणे येत असतात, मार्चांत जात असतात. जानेवारींत ते एका ठिकाणीं स्थिर असतात, म्हणून त्या वेळची संख्या भरंवशाची. मोजण्याची रीतही ठरलेली आहे. चारपांच जणांची एक तुकडी; तींत एकानें मोजावें, एकानें लिहावें, इतरांनीं जाति ओळखण्यास साहाय्य करावें. सूर्य पाठीशीं घ्यावा, म्हणजे पाण्यावरची चकाकी डोळ्यांत जात नाहीं आणि रंग स्पष्ट दिसतात. थवा मोठा असल्यास आधीं दहा पक्षी मोजून त्यांनीं किती जागा व्यापली तें डोळ्यांत भरावें, आणि मग तेवढ्या मापानें सगळा थवा मापावा. दोघांनीं वेगवेगळें मोजून आंकडे ताडून पाहावे. जो पक्षी ओळखतां आला नाहीं, त्याच्यापुढें तसें प्रामाणिकपणें लिहावें. मंडळाच्या प्रतिष्ठेसाठीं एखादें दुर्मिळ नांव दडपून देऊं नये. आणि गेल्या वर्षीं दिसलेला पक्षी यंदां न दिसल्यास तेंही लिहावें. वहींतलें शून्य हीही एक नोंदच असते.

अशा वहीचें मोल काय, हें गिधाडांनीं दाखवून दिलें. पूर्वीं गांवाबाहेर मेलेलें जनावर टाकलें कीं थोड्याच वेळांत आकाशांतून गिधाडें उतरत आणि सांडपलेला सांगाडा मागें ठेवून जात. तीं हळूहळू दिसेनाशीं झालीं, पण "अलीकडे दिसत नाहींत बुवा" या उद्गारापलीकडे बहुतेकांची मजल गेली नाहीं. सुदैवानें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं १९९० नंतरच्या तीनचार वर्षांत उत्तर भारतांत गिधाडें मोजून ठेविलीं होतीं. २००० सालीं पुन्हा मोजलीं, तों दोन जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. मग शोध सुरू झाला. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, असें २००४ सालीं सिद्ध झालें. आणि २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्या औषधाच्या निर्मितीवर बंदी आली. पहिली मोजणी झाली नसती, तर दुसरीला अर्थच उरला नसता.

आतां पुन्हां जालन्याकडे वळूं. घाणेवाडीच्या जलाशयास संत गाडगेबाबांचें नांव आहे, आणि तें सार्थ झालेलें लोकांनीं पाहिलें आहे. तेथलें पाणी नुसत्या उताराच्या बळावर शहराकडे येतें. परंतु वर्षानुवर्षें सांचलेल्या गाळानें त्याचें पोट भरत गेलें. २०१२-१३ च्या अवर्षणांत जिल्हा होरपळून निघाला, तेव्हां जालन्याच्या नागरिकांनीं एकत्र येऊन गाळ काढण्याचें काम हातीं घेतलें. गाळ शेतांत गेला आणि पाण्यास जागा झाली. २०१७ पासून तर "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" या नांवानें शासनानेंही तीच वाट धरली. पक्षिमित्र मंडळांनीं अशा श्रमदानांत घमेलें उचललें पाहिजे, हें सांगावयास नको. ज्या तळ्यांत पाणीच उरलें नाहीं, त्याच्या काठीं दुर्बीण घेऊन काय पाहावयाचें?

परंतु येथेंच एक पेंच उत्पन्न होतो. पाणपक्ष्यांचें ताट खोल पाण्यांत नसतें, तें काठावर असतें. तुतवार ओल्या चिखलांत चोंच खुपसतो. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यांत फिरतो. तलवार बदक शेपूट वर करून, मान पोंचेल तेवढ्याच खोलींतलें अन्न काढतें. खोल बुडी मारणारे पाणकावळ्यासारखे पक्षी थोडे. यंत्रांनीं सगळा काठ भिंतीसारखा उभा कापला, तर तळें पाण्यानें भरेल आणि पांखरांनीं रितें होईल. उलट उथळ पाण्याची वाफ लवकर होते, हेंही तितकेंच खरें. तहानलेल्या शहरापुढें पांखरांचा कैवार घेऊन आडवें पडणें कोणासही शोभणार नाहीं. मग तोड कोणती? तळ्याचा मधला भाग खोल करावा आणि ज्या बाजूस पांखरें अधिक उतरतात, तेवढी एक बाजू उतरती ठेवावी. पण ती बाजू कोणती? याचें उत्तर ना यंत्रचालकापाशीं, ना अधिकाऱ्यापाशीं; तें पांचसात वर्षें एकाच तळ्यावर राखलेल्या वहींत असतें. अशी वही घेऊन मंडळ पुढें गेलें, तर त्याच्या शब्दास वजन येतें. रिकाम्या हातांनीं गेलें, तर ती हौशी लोकांची तक्रार ठरते. "यांतून मिळतें काय?" या प्रश्नाचें उत्तर हें आहे.

शेतकऱ्याच्या बाबतींतही हाच विवेक हवा. पट्टकादंबांचा थवा हरभऱ्यांत उतरला, तर मंडळींना सोहळा वाटतो आणि शेताच्या धन्यास नुकसान दिसतें. त्याचा बांध ओलांडण्यापूर्वीं त्याची परवानगी घ्यावी, त्याचें ऐकून घ्यावें. पक्ष्यांचीं जुनीं नांवें आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या तिथि राखणदारास पाठ असतात. टिटवीनें उंचवट्यावर अंडीं घातलीं तर पाऊस मोठा, सखल जागीं घातलीं तर कमी, असें खेडोपाडीं म्हणतात. ही समजूत हंसण्यावारीं न नेतां दरवर्षीं टिपून ठेवावी. खरी कीं खोटी तें वहीच सांगेल. मात्र त्या टिपणासाठीं कोणीं घरट्याभोंवतीं गर्दी करूं नये. टिटवीचीं अंडीं उघड्या मुरमावर असतात. आई उठून गेली कीं उन्हानें तीं तापतात आणि कावळ्याची नजर त्यांच्यावर जाते. चांगल्या छायाचित्राच्या मोहानें एक वीण बुडाली, तर त्या छायाचित्राची किंमत फार मोठी पडली असें म्हणावें लागेल.

या कामास मोठें भांडवल लागत नाहीं. एक दुर्बीण चौघांत पुरते. शाळेंतलीं मुलें आणि निवृत्त वडील माणसें यांना त्यांत सारखाच वाव आहे. मुलांची नजर तीक्ष्ण, वडिलांची चिकाटी दांडगी. प्रत्येक आठवड्यास नवें ठिकाण आणि नवा पक्षी शोधीत हिंडण्यापेक्षां आपल्या गांवचें एकच तळें निवडावें, मग तें कितीही साधें असो. हिवाळ्यांत दर महिन्याचा पहिला रविवार धरावा, तीच वेळ, तोच काठ आणि तीच वही. पहिल्या वर्षीं त्या वहींत विशेष कांहीं दिसणार नाहीं. दुसऱ्या वर्षीं कंटाळा येईल आणि मंडळींतले निम्मे गळतील. जे उरतील त्यांनीं वही खालीं ठेवूं नये. तळ्यावर यंत्र यावयाचें तें एक दिवस येईल, आणि त्या दिवशीं ती वही मागितली जाईल.