चौकटी कोण आखतं?

(छावणी, छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण. थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक, मोबाईल आणि आपलं काम' असा विषय पाहून सकाळी दोघीतिघींनी मला गाठलं. "आता हे काय नवीन? आम्हाला कॉम्प्युटर शिकवणार की काय?" नाही शिकवणार. मलाच येत नाही. एमएसडब्ल्यू करताना मी केस कशी लिहावी, गृहभेट कशी करावी हे शिकले. पडद्यावर कोणती चौकट असावी, बटण कुठे असावं, हाही समाजकार्याचा विषय आहे, हे तिथे कुणी शिकवलं नाही. ते आमच्याच एका चुकीनं शिकवलं. तिथूनच सुरुवात करते.

तीन वर्षांपूर्वी मी काम करत होते त्या समुपदेशन केंद्रात नोंदणीसाठी सॉफ्टवेअर आलं. बाई आली की नाव, पत्ता, मोबाईल नंबर भरायचा. पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी त्या नंबरवर आपोआप मेसेज जायचा. केंद्राचं नाव, तारीख, वेळ, सगळं त्यात. आम्ही खूश! फोन करत बसायचा त्रास वाचला. एका बाईनं दिलेला नंबर घरातल्या एकुलत्या एक मोबाईलचा होता आणि तो मोबाईल नवऱ्याच्या खिशात असायचा. तारखेला ती आली नाही. आम्ही 'गैरहजर' असा शेरा मारला. तीन आठवड्यांनी आली तेव्हा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. "ताई, तुमचा मेसेज आला होता," एवढंच म्हणाली.

सॉफ्टवेअर करणारा मुलगा काही वाईट नव्हता. त्यानं विचारलं होतं, काय काय माहिती हवी? आम्ही सांगितलं, नाव, पत्ता, नंबर. 'हा मोबाईल कुणाच्या हातात असतो?' हा प्रश्न त्याला सुचला नाही, कारण त्याचा मोबाईल त्याच्याच हातात असतो. पण आम्हाला तर सुचायला हवा होता! हिंसाचारावर पंधरा पंधरा वर्षं काम केलेल्या बायका आम्ही. रजिस्टरवर लिहिताना जे भान असतं, ते यंत्र आलं की आपण यंत्रवाल्याच्या स्वाधीन करून मोकळ्या होतो.

तेव्हापासून मी फॉर्म वाचायला लागले. फॉर्म भरणं वेगळं आणि वाचणं वेगळं. प्रत्येक चौकटीमागे कुणीतरी ठरवलेलं असतं की बाई म्हणजे कोण. लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. २०२४ साली योजना आली तेव्हा पात्र बायकांच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर परित्यक्ता हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी भरायचा. आता सांगा, जिला नवऱ्यानं दहा वर्षांपूर्वी टाकलं, जिचे वडील वारले, तिनं ओटीपी कुणाकडे मागायचा? बायकांनी ओरड केली. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. नवरा आणि वडील दोघंही हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे, त्यांना मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश देण्याची सोय झाली. पण टाकलेल्या बाईकडे नवऱ्याचा मृत्यूचा दाखला नसतो, घटस्फोटाचा कागदही नसतो. शासन निर्णयाच्या कागदावर ती होती, पडद्यावर मात्र तिच्यासाठी जागा नव्हती. कायद्यात मिळवलेला शब्द आपण एका चौकटीत हरवू शकतो, हे यातून दिसतं.

आणि चौकट मिळवताही येते, हेही विसरू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्रात सक्तीचा झाला आहे. एक रकाना वाढायला किती वर्षं लागली, हे इथल्या जुन्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

हे सगळं ऐकून वाटेल की तंत्रज्ञान म्हणजे बायकांच्या पाठी लागलेली आणखी एक पीडाच. मला तसं म्हणायचं नाही. काही ठिकाणी ते फार सुंदर रीतीनं केलं गेलं आहे. त्यातली तीन उदाहरणं मी मुद्दाम शोधून आणली आहेत, आपल्याला काही सुचावं म्हणून.

पहिलं साताऱ्याचं. माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. त्या बायका शिकायला बसल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं! परवाना मिळाला. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी २०१८ सालच्या टेड व्याख्यानात पुढची गोष्ट सांगितली आहे. मजुरी बुडवून बँकेत येणं बायकांना परवडत नव्हतं, म्हणून बँकच दारात गेली. मग डिजिटल व्यवहार आले आणि पिन नंबर द्यायचं ठरलं. बायका म्हणाल्या, पिन नको. तो दुसरा कुणी चोरेल, पैसे काढून नेईल. अंगठा कोण चोरणार? मग अंगठ्याची सोय झाली. पिन लक्षात ठेवायला बायकांना शिकवा, असं एखाद्या तज्ज्ञानं सांगितलं असतं. इथे बायकांचं ऐकलं आणि यंत्र बदललं.

आता लगेच घरी जाऊन सगळीकडे अंगठा लावा म्हणू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे अंगठे झिजलेले असतात. रेशन दुकानातलं यंत्र ते ओळखत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हसवडहून उचलायचं असेल तर विचारण्याची पद्धत उचलू या.

दुसरं उदाहरण जात्याचं. इथून जवळच पाणचक्की आहे. पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं पाहायला शाळांच्या सहली येतात. घरोघरीचं जातं मात्र बाईच्या हातानंच फिरलं, आणि त्या वेळी तिनं ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या, संगणकावर चढवल्या. आवाजही ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता-वाचता येतात. आपल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तिथे आहेत.

मला भावलं ते पानाचं मांडणं. पुस्तकात ओवी छापली की खाली बहुतेक 'लोकगीत' एवढंच असतं. जणू ती कुणीच म्हटली नाही! इथे ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, ती काय काम करते ते आहे. आवाज ऐका, शब्द वाचा. मांडणी करणाऱ्यांनी एक साधा निर्णय घेतला की बाईला नावानिशी दाखवायचं. आपण अहवालात 'एका गावातील एक महिला' असं लिहितो. कुठे नाव लपवणं तिच्या सुरक्षिततेचं आहे आणि कुठे तो नुसता आपला आळस आहे, हे तपासून पाहावं असं मला त्या पानानं शिकवलं.

तिसरं परदेशातलं आहे, पण आपल्या कामाच्या अगदी जवळचं. घरगुती हिंसाचाराची माहिती देणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर 'ताबडतोब बाहेर पडा' असं बटण असतं. बाई माहिती वाचते आहे आणि मागून नवरा आला, तर एक बटण दाबायचं. पडद्यावर भलतंच, निरुपद्रवी काहीतरी उघडतं. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठी २०२३ साली असं बटण ठरवून दिलं गेलं. कळफलकावरची शिफ्ट ही कळ तीनदा दाबली तरी ते चालतं, म्हणजे माऊस शोधत बसायला नको. भीतीनं हात थरथरत असताना बाईला काय जमेल, याचा इथे कुणीतरी विचार केला आहे. अर्थात, आधी काय पाहिलं याची नोंद मोबाईलमध्ये राहतेच. ती बटणानं पुसली जात नाही, हे बाईला सांगायलाच हवं.

याच्याही पुढचं काम कॅनडातल्या एका महिला प्रतिष्ठाननं केलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत बायका मारणाऱ्याबरोबरच कोंडल्या गेल्या तेव्हा, त्यांनी हाताची एक खूण काढली. तळवा समोर, अंगठा आत दुमडायचा, वर चार बोटं मिटायची. करून पाहा सगळ्यांनी. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता करता येते. ना मेसेज, ना नोंद, मागे काही उरत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एका मुलीनं धावत्या गाडीतून ही खूण केली, मागच्या गाडीतल्या माणसानं ती ओळखली आणि तिची सुटका झाली. पण समोरच्याला खूण माहीत असेल तरच उपयोग. म्हणून आज तुम्ही शिकलात, आता प्रत्येकीनं दहाजणींना शिकवा.

मग आम्ही आमच्या केंद्रात काय केलं? मेसेज बंद केले. बचत गटातल्या बायकांना बोलावून आमची चूक जशीच्या तशी सांगितली आणि विचारलं, तारीख कशी कळवू? एक शिवणकाम करणारी ताई म्हणाली, "अहो, शिंप्याच्या पावतीला कोण हात लावतो?" झालं! आता आमचं तारखेचं कार्ड शिवणाच्या पावतीसारखं दिसतं. 'ब्लाऊज नेण्याची तारीख' तीच आमची तारीख. खाली त्या ताईचा नंबर. फोन केला तर तीच उचलते आणि आधी विचारते, "बोलायला मोकळ्या आहात ना?" दुसरी म्हणाली, तारखा गुरुवारी द्या. छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो, बाई पिशवी घेऊन बाहेर पडली तर कुणी अडवत नाही. ही अक्कल कुठल्याही कंपनीकडून विकत मिळाली नसती.

आपल्यापैकी बऱ्याच संस्था आता नवीन सॉफ्टवेअर करून घेणार आहेत, देणगीदारही मागे लागले आहेत. माझी एवढीच विनंती आहे. करणाऱ्याबरोबर पहिल्या बैठकीला संचालकांबरोबर आपल्याकडे आलेल्या दोन बायकाही बसू द्या. प्रत्येक चौकटीला विचारा, ही माहिती कशाला हवी? ती चुकीच्या हातात पडली तर बाईचं काय होईल? जिच्याकडे नवरा नाही, बाप नाही, स्वतःचा मोबाईल नाही, ती या फॉर्ममधून पुढे जाऊ शकते का? मोबाईल नंबरच्या चौकटीशेजारी 'हा कुणाचा? मेसेज चालेल का?' असा रकाना आहे का? उत्तर 'नाही' असेल तर पैसे देऊ नका, पुन्हा करायला सांगा. लाजू नका. आपल्याला प्रोग्राम लिहिता येत नसेल, पण बाईचा दिवस कसा जातो हे आपल्याला माहीत आहे, आणि करणाऱ्याला नेमकं तेच माहीत नसतं.

प्लॅस्टर घालून आलेली ती बाई आज आमच्याकडे नोंदणीला बसते. नवीन फॉर्ममधला तो रकाना तिनंच सांगितला. नंबर लिहून घेण्याआधी ती पेन खाली ठेवते आणि समोरच्या बाईला विचारते, "फोन कुणाजवळ असतो?"

तुमच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न आहे का, ते परत गेल्यावर पहिल्याच दिवशी पाहा आणि पुढच्या बैठकीत सांगा.